पानावरून खोडात, खोडातून घडात

२०१० सालचा द्राक्ष हंगाम नाशिक जिल्ह्याला महागात पडला. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांतून निघालेला माल शीतपेट्यांत भरून युरोपच्या वाटेला लागला होता. बराचसा पोचलाही होता. तेवढ्यात तिकडच्या प्रयोगशाळांनी त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडल्याचे कळवले. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. युरोपीय संघाने द्राक्षासाठी ठरवलेली त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत जेमतेम एक ग्रॅम. माल अडकला, भाव कोसळले, निर्यातदारांचे आणि त्यांच्यामागे शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. या प्रकरणाची हकिगत बहुधा कागदपत्रांच्या अंगाने सांगितली जाते: तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीचे नाव नव्हते, म्हणून ते इथे कुणी शोधले नाही आणि तिथे सापडले. हे खरे आहे, पण अपुरे आहे. पण ते रसायन घडात गेले ते यादीत नाव नव्हते म्हणून नव्हे. ते घडात गेले, कारण द्राक्षवेल आपल्या अंगातले पाणी, साखर आणि त्यांच्याबरोबर जे विरघळेल ते मुळापासून मण्यापर्यंत फिरवत असते. २०१०चा फटका म्हणजे गेल्या अर्धशतकात नाशिककरांनी या प्रवाहात जे जे बदल केले, त्यांची एकत्र आलेली बेरीज होती, असे मला वाटते. त्यासाठी तो इतिहास वेलीच्या आतून वाचावा लागेल.

वेलीच्या आत दोन वाहतुकी चालतात, आणि त्यांतली पाण्याची वाहतूक माणसाला कळली त्यात द्राक्षवेलीचाच मोठा वाटा आहे. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी वसंतात छाटलेल्या द्राक्षवेलीच्या टोकाला काचेची नळी घट्ट बांधली. नळीतला रस वीस फुटांहून वर चढला. त्यांचा ग्रंथ १७२७ साली प्रसिद्ध झाला. नाशिकच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर, जमिनीत पावसाची ओल असताना, काडीच्या कापातून टपटपणारे पाणी हे तेच बळ. मुळे क्षार आत ओढतात, त्यांच्यामागे पाणी येते आणि मुळाशी दाब तयार होतो. पण पाने फुटली की कारभार बदलतो. आता पाणी खालून ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. द्राक्षाच्या पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रे असतात, वरच्या बाजूला नसतात. प्रकाशात ती उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर पडते. मुळांनी घेतलेल्या पाण्यातले शेकडा ९५हून जास्त असेच उडून जाते. उडणाऱ्या प्रत्येक थेंबामागे लाकडातल्या बारीक नळ्यांतला पाण्याचा अखंड धागा वर सरकतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये ही उकल मांडली. दुसरी वाहतूक सालीतून चालते. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या पेशींमधून जिथे गरज असेल तिथे जाते: शेंड्याकडे, घडाकडे, खोडाकडे, मुळाकडे. सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पिगींनी झाडाच्या सालीचे कडे काढले, तेव्हा कड्याच्या वरचा भाग फुगला. खाली जाणारे अन्न तिथे अडले होते. हा प्रवाह दाबाच्या फरकाने कसा चालतो, याचे स्पष्टीकरण जर्मनीच्या एर्न्स्ट म्युन्श यांनी १९३० मध्ये दिले. लाकूड आणि साल यांच्यामध्ये भिंत नाही. एकातले पाणी दुसऱ्यात जाते, आणि पानावर पडलेला पदार्थ यांपैकी एका वाटेला लागला की पुढे कुठे उतरेल ते वेलीच्या त्या वेळच्या गरजेवर ठरते.

आता ही वेल नाशिकला आणून पाहू. थंड देशात तिचे वर्ष सरळ असते. वसंतात फुटते, शरदात फळ देते, फळ काढल्यावरही पाने काही आठवडे काम करून खोडात आणि मुळात साठा भरतात, मग ती पाने गाळते आणि हिवाळाभर झोपते. नाशिकला अशी झोप मिळत नाही. इथली थंडी वेलीला सुस्तावते, झोपवत नाही. म्हणून इथल्या बागायतीने थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात येण्याच्याही आधीपासून वर्षाचे दोन भाग केले. पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर भोकरी आणि फकडी या जुन्या जातींच्या वेली चढवल्या जात, त्या काळापासूनची ही रीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची आणि फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यात सूक्ष्म घड तयार होऊ द्यायचे. पाऊस सरता सरता, ऑक्टोबरात, गोडी छाटणी करायची, म्हणजे तेच घड बाहेर येतात आणि जानेवारी ते एप्रिल या काळात फळ उतरते. दोन छाटण्या, पीक एक. युक्ती अस्सल आहे. पावसाळ्यातले रोग आणि फळ यांची गाठ ती बऱ्याच अंशी टाळते. पण तिची किंमत वेलीच्या साठ्यातून जाते. वर्षातून दोनदा सगळी पाने काढली की दोनदा पहिली फूट जुन्या साठ्यावर काढावी लागते, आणि एप्रिलची फूट तर फळ उतरल्यावर लगेच, चाळीस अंशांच्या झळांत. थंड देशातल्या वेलीला फळानंतर जी निवांत भरपाई मिळते, ती इथे पंधरा-वीस दिवसांच्या विश्रांतीत उरकायची असते. ऑक्टोबरात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात, तेही डोळ्याच्या श्वसनात क्षणभर खीळ घालून त्याला जागे करणेच आहे. पुढच्या साऱ्या हस्तक्षेपांचा पाया हा आहे: नाशिकची वेल मुळातच उसनवारीवर चालते.

१९६०च्या दशकात महाराष्ट्रात थॉम्पसन सीडलेस आली आणि हळूहळू भोकरी, चीमा साहेबी मागे पडल्या. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडलेल्या जातींनी त्याआधीची बागायत उभी केली होती. थॉम्पसनने मात्र बाजारच बदलला. बी नसलेल्या द्राक्षात एक अडचण असते. मणी मोठा होण्याचा हुकूम बियांकडून येतो, कारण बियाच जिबरेलिन नावाचे संप्रेरक बनवतात. बी नाही, म्हणजे हुकूम नाही, म्हणजे मणी बारीक. म्हणून घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचे; बागेतल्या भाषेत जीएचे डिपिंग. हे संप्रेरक सापडले जपानमध्ये, भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीत. निफाडच्या मजुरांच्या हातातल्या मगात ते पोचले, तेव्हा ते घडाला सांगत होते की साखर आणि पाणी इकडे ओढ. एवढ्याने भागले नाही तेव्हा गर्डलिंग आले. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की खोडावर दुपाती चाकू गोल फिरवायचा आणि काही मिलिमीटर रुंदीची सालीची कडी अलगद उचलून घ्यायची, लाकडाला धक्का न लावता. पांढरे, ओलसर लाकूड उघडे पडते. पाणी त्याच लाकडातून वर जात राहते, पान कोमेजत नाही. पण पानांची साखर सालीच्या त्या खाचेपाशी थांबते आणि मुळाकडे जायचे अन्न घडात उतरते. माल्पिगींचा प्रयोग आता व्यापारी कामाला लागला होता. मणी फुगतो, गोडी लवकर येते. आणि खाच भरून येईपर्यंत मुळे उपाशी राहतात. त्याच मुळांना दोन-तीन महिन्यांनी एप्रिलची फूट काढायची असते.

मुळांवरचा ताण दुसऱ्या बाजूनेही वाढत होता. १९७२च्या दुष्काळाने पाण्याची दैना दाखवली, पुढच्या वर्षांत विहिरी खोल गेल्या, बोअर आले, आणि खोलातले पाणी खारट निघू लागले. भारी काळ्या जमिनीत क्षार साचले. स्वतःच्या मुळांवरची थॉम्पसन या परिस्थितीत टिकेना. पानांच्या कडा करपू लागल्या, कारण पाण्याबरोबर क्लोराइड वर जाते आणि पाणी रंध्रांतून उडाले तरी ते पानातच राहते. यावरचा उपाय टेक्सासहून आला. १८६०च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा युरोपने आपल्या द्राक्षांची कलमे अमेरिकी रानवेलींच्या खुंटांवर बांधली. त्यासाठी खुंट पुरवण्यात मोठा वाटा असलेले टेक्सासचे टी. व्ही. मन्सन यांना फ्रान्सने १८८८ मध्ये सन्मान दिला. चुनखडीच्या, कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या व्हायटिस शॅम्पिनी या रानवेलीतून त्यांनी निवडलेला एक खुंट म्हणजे डॉगरिज. बंगळूरच्या बागायत संशोधन संस्थेतल्या प्रयोगांनंतर १९९०च्या दशकात तो महाराष्ट्रात पसरला, आणि त्याच दशकात, १९९७ साली, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभे राहिले. उन्हाळ्याआधी शेतात खुंट लावायचा, पावसाळा सरताना त्यावर कलम भरायचे. थॉम्पसनच्या काडीला दोन्ही बाजूंनी तिरपा काप देऊन तिची पाचर करायची, खुंटाला मधोमध चीर द्यायची, पाचर आत बसवताना दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडेल हे पाहायचे आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचे. हिरवा थर हिरव्या थराला लागला नाही तर कलम वाळते. लागला तर काही आठवड्यांत दोन निराळ्या वेलींच्या नळ्या एकमेकींत मिळून टेक्सासच्या मुळांचे पाणी थॉम्पसनच्या पानांत चढू लागते.

नाशिकच्या द्राक्षाला नवे आयुष्य मिळाले ते या सोयरिकीने, हे निःसंशय. डॉगरिज नसता तर हजारो एकरांवरच्या बागा मोडाव्या लागल्या असत्या; या खुंटाला बोल लावणाऱ्याने हे आधी मान्य करायला हवे. पण रानवेलीचे मूळ दणकट असते ते दणकट वाढीसाठीच. ते भरपूर पाणी आणि नत्र वर पाठवते, आणि वर थॉम्पसनची काडी सुसाट सुटते. एप्रिल छाटणीनंतर काडी अशी धावू लागली की डोळ्यात घडाऐवजी ताणा तयार होतो. त्या वेळी पेशींतले जिबरेलिन जितके जास्त, तितका घड कमी आणि ताणा जास्त. म्हणून वाढ रोखणारे औषध वापरायची गरज वाढली. अमेरिकेत मिशिगनला टॉल्बर्ट यांनी १९६०च्या सुमारास शोधलेले सीसीसी नेमके हेच करते: वेलीत जिबरेलिन तयार होऊ देत नाही. काडीला पाच-सात पाने आली की फवारा. शेंडा मंदावतो, पेरे आखडतात, पान जाड आणि गर्द होते, डोळ्यात घड धरतो. लिहोसिन या नावाने ते गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत मिळत होते आणि त्याचा गुण डोळ्यांना दिसत होता. एकाच वेलीवर, एकाच वर्षात, उन्हाळ्यात जे संप्रेरक दडपायचे तेच हिवाळ्यात मगाने बाहेरून द्यायचे, अशी ही व्यवस्था झाली. दोन्ही कामे आपापल्या जागी शास्त्रशुद्ध होती, पण त्यांचा हिशेब एकत्र कुणी मांडला नाही.

मग आला २००९चा नोव्हेंबर. ११ तारखेला फयान वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि त्याच्या पावसाने नाशिकच्या फुलोऱ्यातल्या बागा भिजवल्या. केवडा रोग, ज्याला आता सगळे डाऊनी म्हणतात, ओल्या पानावर पोहत जाऊन खालच्या रंध्रांतून आत शिरतो आणि पुढे त्याच रंध्रांतून पांढरी बुरशी बाहेर काढतो. ज्या दारातून वेल श्वास घेते, तेच त्याचे दार. त्या हंगामात माल आधीच कमी होता. जो वाचला त्यावर साऱ्यांची भिस्त होती, आणि त्यातच सीसीसी निघाले.

या फटक्याचे मूळ वेलीत शोधण्यावर नाशिकमध्ये दोन प्रामाणिक आक्षेप घेतले गेले आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की ही सरळ प्रशासनाची चूक होती. २००३ साली हॉलंडमध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यावर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने अंश तपासणीची योजना आखली, मांजरीला संदर्भ प्रयोगशाळा आली, २००६ पासून ग्रेपनेट या संगणकीय नोंदप्रणालीत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली. इतकी चोख व्यवस्था असताना एक नाव यादीत राहून गेले, एवढेच. मला हे ‘एवढेच’ पटत नाही. ते नाव का राहिले, हा प्रश्न आहे. यादी करणाऱ्यांचे लक्ष फळावर किंवा फळाच्या हंगामात मारायच्या औषधांवर होते, आणि सीसीसी मारले जात होते एप्रिल-मेमध्ये, फळ येण्याच्या सहा-आठ महिने आधी, पानांवर. ती पानेसुद्धा ऑक्टोबर छाटणीत जमिनीवर पडतात. मग फळात औषध येणार कुठून, असे वाटणे साहजिक होते. पण सीसीसी पाण्यात सहज विरघळते, वेलीच्या अंगात सावकाश मोडते आणि पाने झडली तरी काडीत आणि खोडात मागे राहते. युरोपात नासपतीच्या झाडांवर त्याचा वापर थांबवल्यावरही पुढची काही वर्षे फळांत त्याचे अंश सापडत राहिले होते. नाशिकची वेल तर गोडी छाटणीनंतरची पहिली फूट आणि घड खोडातल्या साठ्यावरच काढते. साठ्यातली साखर वर आली तशी त्याबरोबर हेही आले. ज्या रसायनाला फळापर्यंत पोचायला वाट नाही असे समजले गेले, त्याच्यासाठी दुहेरी छाटणीच्या पद्धतीने ती वाट आधीच मोकळी केली होती.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. युरोपातले शेतकरी स्वतः गव्हाची ताटे आखूड ठेवायला हेच औषध फवारतात आणि गव्हासाठी त्यांची मर्यादा द्राक्षाच्या कितीतरी पट आहे. मग आमच्याच द्राक्षाला हा न्याय का? तक्रारीतला सल खरा आहे. द्राक्षाच्या एका मण्यानेही कुणी आजारी पडल्याचे पुढे आले नाही, आणि बुडाला तो शेतकरी. पण ०.०५ हा आकडा विषाचा उंबरठा म्हणून ठरलेला नव्हता. ज्या पिकावर एखाद्या औषधाची नोंदच नाही, तिथे प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येणारी किमान पातळी हीच मर्यादा मानतात. म्हणजे युरोप एवढेच विचारत होता की द्राक्षात हे आहे की नाही. तडजोडीला जागा असेलही, पण उत्तर खोडात आधीच लिहिले गेले होते.

याहून व्यापक असा तिसरा मुद्दा इतिहास लिहिणाऱ्यांचा असतो. नाशिकचे द्राक्ष उभे राहिले ते सहकारावर, बाजारावर, रस्त्यांवर आणि शीतगृहांवर. १९९१ साली महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यातीची संस्था स्थापन झाली, द्राक्ष बागायतदार संघाने ज्ञान गावोगाव नेले, ठिबकने पाणी वाचवले. मग वेलीच्या शरीरशास्त्राला एवढे मध्यवर्ती स्थान कशाला? मी या साऱ्याचे मोल कमी करत नाही. पण शीतगृहाकडेच पाहा. महाग्रेप्सच्या सुरुवातीच्या वर्षांत माल वाटेत खराब झाला आणि त्यातून पूर्वशीतकरणाचा धडा मिळाला. घड काढला की मुळाचे पाणी तुटते, श्वसन आणि बाष्प जाणे मात्र चालूच राहते. मण्यावर मेणाची लुकण असते आणि कामाची रंध्रे जवळजवळ नसतात, म्हणून मणी पाणी धरून ठेवतो. देठाला हे कवच नाही, म्हणून पहिल्यांदा देठ तपकिरी होतो, आणि परदेशातला ग्राहक ताजेपणा देठावरून ओळखतो. काढणीनंतर काही तासांत माल शून्य अंशाजवळ आणि दमट हवेत न्यायचा, हा नियम त्यातून आला. बाजाराची व्यवस्था यशस्वी झाली ती वेलीच्या पाण्याचा हिशेब तिने मांडला तिथे, आणि अडली ती तो हिशेब फळाच्या हंगामापुरता धरला तिथे.

२०१० नंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आले आणि निर्यातीच्या बागांना त्याचा वापर आवरावा लागला. त्याची जागा एका औषधाने घेतली नाही. वाढ आवरायची तर नत्र कमी करायचे, घडनिर्मितीच्या काळात पाणी हात राखून द्यायचे, वेळेवर शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बाजूची दुय्यम काडी, काढायची, पालाश द्यायचे, पानांच्या गर्दीतून काडीवर ऊन पडेल असे पाहायचे. ही कामे बागेत पूर्वीपासून होती. औषधाच्या सोयीपुढे ती मागे पडली होती. खुंटाचाही पुनर्विचार झाला. डॉगरिज क्लोराइड बऱ्यापैकी अडवतो, पण खारट पाण्यावर सोडियमला तितका रोखत नाही. सोडियम वाढला की पालाश मागे हटते आणि पाने काळवंडतात. म्हणून नव्या लागणीत ११०-आरसारख्या, बेताची वाढ देणाऱ्या खुंटाची शिफारस होऊ लागली. आज जाणता बागायतदार खरड छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी काडीवरच्या पाचव्या पानाचा देठ आणि फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ प्रयोगशाळेला पाठवतो. देठ हा पानाकडे जाणारा एकमेव रस्ता, म्हणून मुळाने काय पाठवले ते तिथे दिसते: नत्र, पालाश, सोडियम. निर्यातीची अंश तपासणी मात्र अजून काढणीच्या तोंडावर, घडाच्या नमुन्यावर होते. जी रसायने खोडात साठतात, त्यांचा नमुना ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच काडीतून घ्यायला हवा. तेव्हा माल अजून डोळ्यात असतो, आणि कुठली बाग त्या वर्षी निर्यातीला लावू नये हे डिपिंगचा, विरळणीचा आणि मजुरीचा खर्च होण्याआधी ठरवता येते.